क्रॅक क्लाइंबिंग म्हणजे काय? कातळाच्या फटीत हात अडकवून कडा कसा चढतात?

घोरपडीला दोर बांधून मावळे सिंहगडाचा कडा चढले, ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. ती दंतकथा आहे, असं अनेक अभ्यासक म्हणतात. पण तिच्यातली एक गोष्ट खरी आहे. फटीत शिरलेली घोरपड अंग फुगवून अशी घट्ट बसते की ओढून निघता निघत नाही. क्रॅक क्लाइंबिंग, म्हणजे फटीच्या आधाराने केलेली चढाई, याच युक्तीवर चालते.

साध्या चढाईत खाचा आणि कंगोरे पकडायचे असतात. इथे पकडायला काहीच नसतं, असते ती फक्त एक उभी फट. आरोहक तिच्यात पंजा घालतो आणि अंगठा तळहातावर दाबतो. त्यामुळे अंगठ्याच्या बुडाचा स्नायू फुगतो आणि हात दोन्ही बाजूंना अडकतो. फट अरुंद असेल तर बोटं घालून पिळायची, रुंद असेल तर मूठ अडकवायची. पाऊल आडवं करून आत सरकवायचं आणि मग पिळून सरळ करायचं. अख्खं शरीर मावेल एवढी फट असेल तर ती ‘चिमणी’. तिच्यात पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटत वर सरकतात. कातडी सोलली जाते, म्हणून हाताला चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. पहिल्याच दिवशी घोटा दुखला नाही असा माणूस सापडणं कठीण!

एका दोराच्या लांबीत संपणाऱ्या मार्गाला ‘सिंगल पिच’ म्हणतात. माथ्यावरच्या अँकरमधून दोर ओवून खाली उतरायचं तर तो दुहेरी लागतो. त्यामुळे 60 मीटरच्या दोरावर असा मार्ग 30 मीटरपर्यंतचा धरतात, म्हणजे साधारण नऊ-दहा मजली इमारतीएवढा.

आता ‘ट्रॅडिशनल’ किंवा ‘ट्रॅड’ म्हणजे काय? स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये खडकात आधीच बोल्ट ठोकलेले असतात. ट्रॅडमध्ये पुढे चढणारा स्वतःच फटीत साधनं अडकवतो, त्यात दोर ओवतो आणि पुढे जातो. मागून येणारा जोडीदार ती सगळी काढून आणतो. कड्यावर काही उरत नाही.

या साधनांचा इतिहास मजेशीर आहे. ब्रिटनमधले आरोहक फटीत दगडगोटे अडकवून त्याला दोरी बांधायचे. पुढे वेल्समध्ये रेल्वेरुळाजवळ पडलेले लोखंडी नट खिशात घालून नेण्याची टूम निघाली. त्या साधनाला आजही ‘नट’च म्हणतात. 1972 मध्ये अमेरिकेत इव्हॉन शुइनार्डच्या कंपनीने आपल्या कॅटलॉगमधूनच सांगितलं, की हातोड्याने मेखा ठोकणं थांबवा, खडक फुटतोय. मेखा विकणाऱ्याच कंपनीने हे सांगावं, हे विशेष. मग 1978 मध्ये रे जार्डिनने बनवलेलं ‘फ्रेंड’ बाजारात आलं. स्प्रिंगवरच्या गोलसर पाकळ्या मिटून ते फटीत घालायचं आणि सोडून द्यायचं. दोराला झटका बसला की पाकळ्या आणखी फाकतात. जेवढी ओढ जास्त, तेवढी पकड घट्ट.

मात्र सह्याद्रीत हेच साधन घात करू शकतं. फ्रेंडवर खाली जेवढी ओढ बसते, त्याच्या जवळपास दुप्पट दाब ते फटीच्या प्रत्येक बाजूवर देतं. दोन्ही बाजू अखंड कातळाच्या असतील तर उत्तम. पण एक बाजू म्हणजे नुसता सुटा चिरा असेल, तर फ्रेंड त्याला पहारीसारखं उचकटून काढतं. मग साधन, चिरा आणि माणूस, तिन्ही एकदम खाली.

आणि महाराष्ट्रात असे सुटे चिरे पुष्कळ आहेत. तेलगावहून धारूरकडे जाताना लागणारे बालाघाटचे डोंगर असोत की लोणावळ्यापलीकडचा तैलबैला, दगड बेसाल्टच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच तडकण्यातून बनले. त्यामुळे फटी भरपूर मिळतात, पण दोन फटींमधला खांब मागे जोडलेला आहे की नाही, हे समोरून कळत नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल, भुसभुशीत पट्टा लागतो, तिथे काहीही अडकवणं व्यर्थ. शिवाय दर पावसाळ्यात फटीत माती आणि गवत भरतं. लिंगाणा, वानरलिंगी यांसारख्या सुळक्यांवर वर्षानुवर्षं मेखा आणि बोल्ट वापरले गेले, त्याचं कारण इथे सापडतं. निव्वळ फटींचा सराव करायचा तर अनेक जण कर्नाटकात बदामीच्या वालुकाश्मावर जातात.

मग खडकाची पारख कशी करायची? मडकं घेताना वाजवून घेतात तशी. मुठीने ठोकून पाहायचं. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर त्या चिऱ्याला हातही लावायचा नाही.

पडण्याचा हिशोबही समजून घ्या. शेवटचं साधन पायांखाली 2 मीटरवर असेल, तर आरोहक किमान 4 मीटर पडतो, वर दोराचा ताण वेगळा. म्हणून सिंगल पिचवर सुरुवातीचे काही मीटर सर्वांत धोक्याचे. तिथे एक साधन निसटलं तर माणूस थेट जमिनीवर येतो. वर तीन-चार साधनं नीट बसली की धोका बराच कमी होतो.

आणखी एक धोका परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही, तो म्हणजे आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीत पोळी असतात आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. चढाईआधी खालून कडा नीट न्याहाळायचा. जवळ पोळं दिसलं तर तो मार्ग सोडून द्यायचा. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळायचा.

अनोळखी कड्यावर जाणते लोक आधी मागच्या वाटेने माथा गाठतात आणि भक्कम अँकर लावून वरून दोर सोडतात. उतरताना फटीतली माती खरवडतात, सैल दगड पाहून ठेवतात. नवशिक्याने त्याच वरच्या दोरावर, हेल्मेट घालून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हात अडकवायला शिकायचं. जमिनीपासून हातभर उंचीवर साधनं लावून, त्यावर उभं राहून पाहायचं. शंभरेक वेळा ती नीट बसली की मग पुढे चढण्याचा विचार करायचा.