दिनविशेष : २३ जानेवारी
१९५१ : अमेरिकेतील टीव्हीच्या एमी पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलावहिला मान गर्ट्रूड बर्ग यांना मिळाला. मालिका होती 'द गोल्डबर्ग्ज'. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील भाड्याच्या घरात राहणारे हे स्थलांतरित ज्यू कुटुंब. मॉली, तिचा नवरा जेक, म्हातारे डेव्हिडकाका आणि अमेरिकेतच वाढलेली रोझली व सॅमी ही मुले. मोठ्यांच्या बोलण्यात यिडिश वळण, मुलांची इंग्रजी मात्र फर्डी. खिडकीतून वाकून मॉली समोरच्या मिसेस ब्लूमना हाक मारी आणि त्याच खिडकीतून प्रायोजकाच्या कॉफीची जाहिरातही उरकून घेई!

हे घर उभे राहिले ते मात्र रेडिओवर, नोव्हेंबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळल्यानंतर काही आठवड्यांतच. लेखन बर्ग यांचे, मॉलीही त्याच. १९४९ मध्ये मालिका टीव्हीवर आली.

पुरस्काराचा आनंद फार टिकला नाही. जेकची भूमिका करणारे फिलिप लोब यांचे नाव १९५० मध्येच कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेणाऱ्या 'रेड चॅनल्स' या पुस्तिकेत छापून आले होते. त्यांना काढा, असा प्रायोजकांचा आग्रह. बर्ग यांनी आधी नकार दिला, तेव्हा मालिकाच बंद पडली. १९५२ मध्ये ती परतली ती लोब यांच्याविना. ही तडजोड आजही खटकते. १९५५ मध्ये लोब यांनी आत्महत्या केली. त्याच सुमारास, अखेरच्या पर्वात, गोल्डबर्ग कुटुंब ब्राँक्स सोडून उपनगरात राहायला गेले.