वर्ग, प्रकरण, शीर्षक

मराठी गद्याच्या शैलीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मजकुराच्या मांडणीविषयी त्या मानाने थोडेच. शीर्षकाला आपण सजावट समजत आलो, हे त्याचे एक कारण असावे. वस्तुतः शीर्षक ही वाचकाची सोय आहे, आणि तिची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

शिवकाळात सिद्ध झालेला, रघुनाथ पंडितांच्या नावाने ओळखला जाणारा ‘राज्यव्यवहारकोश’ पाहावा. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश ‘अमरकोशा’च्या धर्तीवर दहा वर्गांत विभागलेला आहे. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग ही त्यांतील काही नावे. किल्ल्याविषयीचा शब्द हवा असेल त्याने दुर्गवर्ग पाहावा. सारा कोश धुंडाळण्याचे कारण नाही.

पुढे दोनशे वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबई इलाख्याच्या इंग्रजी गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा हा अकरावा खंड निघाला. काशीदचा किनारा तेव्हा जंजिरा संस्थानात मोडत असे. कुलाब्याच्या वृत्तान्तात शेती, व्यापार, इतिहास अशी प्रकरणे आहेत. इलाख्यातील इतर जिल्ह्यांसाठीही साधारण हाच साचा वापरलेला आहे. त्यामुळे दोन जिल्ह्यांची तुलना अभ्यासकाला सहज करता येते.

आज हीच सोय संगणकावर हरवताना दिसते. आपण अक्षरे मोठी व ठळक करतो आणि शीर्षक झाले असे मानतो. डोळस वाचकाचे त्यावर भागते. परंतु अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला ती ओळ इतर ओळींसारखीच असते. शब्दप्रक्रिया प्रणालीतील ‘हेडिंग स्टाइल’ वापरली, प्रकरणाला पहिली पातळी व उपप्रकरणाला दुसरी दिली, तर ‘एनव्हीडीए’सारख्या वाचक-प्रणालीत एच ही एकच कळ दाबून विद्यार्थी एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाऊ शकतो. शिवाय अनुक्रमणिकाही त्याच आधारे आपोआप तयार करता येते.

ग्रंथ चाळणे हा अभ्यासाचा निम्मा भाग आहे, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. शीर्षकांची खूण नसलेला प्रबंध अंध विद्यार्थ्याला चाळता येत नाही, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावा लागतो. म्हणून टिपणे आणि प्रबंध तपासताना शुद्धलेखनाइतकीच ही मांडणीही पाहिली जावी, असे आम्हांस वाटते.