जायबंदी वर्षाचे देणे

जिंकलेल्या वर्षाचा इतिहास लिहिणे सोपे असते. वर्तमानपत्रांची कात्रणे हाताशी असतात, करंडक उंचावलेल्या संघाचे छायाचित्र असते, आणि 'मी तेव्हाच म्हणालो होतो' असे सांगणारी माणसे तर गल्लोगल्ली भेटतात. परंतु प्रत्येक जिंकलेल्या वर्षाच्या मागे एक दुसरे वर्ष उभे असते. त्या वर्षी कोणी जायबंदी झालेला असतो, कोणाची नेमणूक गेलेली असते, आणि कोणीही कात्रण कापून ठेवलेले नसते. आज मला अशाच एका वर्षाविषयी लिहावयाचे आहे. ते वर्ष आमच्या विदर्भाच्या क्रिकेट संघाचे आहे. पण त्यात माझेही थोडे देणे अडकले आहे. ते ओघाने येईलच.

२ जानेवारी २०१८ ची सकाळ मला नीट आठवते. यवतमाळची थंडी, हातात चहा आणि पुढ्यात वर्तमानपत्र. आदल्या दिवशी, म्हणजे नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, विदर्भाने इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला होता आणि रणजी करंडक पहिल्यांदाच जिंकला होता. शाळेत गेलो तो शिक्षकांच्या खोलीत पेढे! ज्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती, तेसुद्धा त्या दिवशी छाती काढून चालत होते. यात हसण्यासारखे काही नाही. मागासलेला, दुष्काळी, आत्महत्यांचा अशा विशेषणांखेरीज ज्या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत सहसा येत नाही, त्या जिल्ह्याच्या माणसाला 'आपण जिंकलो' हे वाक्य क्वचितच उच्चारायला मिळते.

या आनंदाची किंमत कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला, तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि त्या प्रांताचा एक संघही होता. पण त्याआधीच आमचा हिरा परगावी गेला होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. १८९५ साली ते तेथे जन्मले, तेथेच शिकले, तेथेच खेळू लागले. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरच्या मातीतला माणूस, आणि करंडक इंदूरच्या दरबारात! गुणी मुलाने नाव काढण्यासाठी गाव सोडावे, ही आमच्याकडची रीत क्रिकेटलाही चुकली नाही.

१९५६ साली प्रांतरचना बदलली, आणि १९५७-५८ च्या मोसमापासून विदर्भ स्वतःच्या नावाने रणजीत उतरला. महाराष्ट्र राज्य झाले तरी क्रिकेटच्या नकाशावर राज्यात तीन संघ राहिले: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यांपैकी मुंबईने करंडकांची रास रचली, आणि विदर्भाने साठ वर्षे पाहुणचार केला. समोरच्याने यावे, धावा कराव्यात, बळी घ्यावेत आणि समाधानाने परत जावे. एवढ्या काळात एकदाही अंतिम सामना म्हणून विदर्भाच्या वाट्याला आला नाही. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या संघातून कसोटीत पोहोचलेला तो पहिलाच खेळाडू होता. चोपन्न वर्षांनी पहिला!

आता त्या जायबंदी वर्षाकडे वळू. २०१५-१६ साली वासिम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आले होते. एकतीस कसोट्या खेळलेला, मुंबईबरोबर आठ वेळा रणजी जिंकलेला हा फलंदाज तरुण पोरांच्या संघात वडीलधाऱ्यासारखा होता. पण २०१६-१७ च्या मोसमात दुखापतीने त्यांना मैदानाबाहेर बसवले. त्या वर्षी रणजीचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर ठेवलेले होते. म्हणजे घरचे मैदान नाही, घरचे प्रेक्षक नाहीत, आणि ज्याच्याकडे पाहून धीर यावा तो माणूसही नाही. विदर्भाचा संघ त्या वर्षी बाद फेरीपर्यंतही गेला नाही.

जायबंदी खेळाडूचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक संघापुढे येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा व्यवहाराने दिले जाते. जो खेळत नाही, त्याला कशासाठी पोसायचे? तशात जाफर एकोणचाळिशीला टेकलेले. या वयात दुखावलेला देह पुन्हा उभा राहील याची हमी कोणी द्यायची? परंतु विदर्भ क्रिकेट संघटनेने त्यांचे ठरलेले मानधन दिले. खेळलेले नसतानाही दिले. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षातही आली नसेल.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या त्याच होळकर मैदानावर आणखी एक माणूस हरला. मुंबईचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. भारताकडून पाच कसोट्या खेळलेले हे यष्टिरक्षक पुढे प्रशिक्षक झाले आणि मुंबईला त्यांनी तीनदा रणजी करंडक मिळवून दिला. त्यांतला शेवटचा तर आदल्याच वर्षीचा. पण यंदा अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरवले. एका वर्षी करंडक, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. कोणत्याही अन्य गावात अशा गुरूला हार घातले असते. मुंबईने मात्र नव्या मोसमासाठी त्यांच्या जागी समीर दिघे यांना नेमले. आणि पंडित नागपूरला आले.

अशा रीतीने २०१७ च्या नव्या मोसमाच्या तोंडावर विदर्भाच्या तंबूत दोन मुंबईकर एकत्र आले. एक दुखण्यातून उठलेला, दुसरा पदावरून उतरलेला. संघनायक नागपूरचाच फैज फजल. गोलंदाजांना शिकवायला सुब्रतो बॅनर्जी. पंडितांची शिस्त कडक म्हणून सर्वत्र गाजलेली. शाळामास्तर म्हणून मला त्याचे विशेष नवल वाटत नाही. साठ वर्षे पाठ झालेली हार पुसायची, तर फळा आधी ओल्या फडक्याने खसखसून पुसावाच लागतो.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी दिवाळीच्या फराळाबरोबर ती पुन्हा ऐकायला हरकत नाही. विदर्भाने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. फजलने मोसमात ९१२ धावा केल्या. उपान्त्यपूर्व सामन्यात सुरतेला केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. मग कोलकात्याला उपान्त्य सामना, आणि समोर बलाढ्य कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३ धावा. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ काढल्या. कर्नाटकला हव्या होत्या १९८. शेवटच्या सकाळी त्यांचे तीन गडी उरले होते आणि ८७ धावा बाकी होत्या. तळाच्या फलंदाजांनी एकेक धाव अशी जोडत नेली की, विदर्भाचा पाहुणचाराचा जुना गुण पुन्हा उफाळून येतो की काय अशी भीती वाटली. पण रजनीश गुरबानी या स्थापत्यशास्त्राच्या पदवीधराने उरलेले तिन्ही बळी घेतले. विदर्भ पाच धावांनी विजयी! सामन्यात गुरबानीचे बारा बळी.

अंतिम सामन्याला उमेश यादव नव्हता. तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. गुरबानीने दिल्लीचे सहा गडी ५९ धावांत बाद केले, आणि त्यांत हॅट्ट्रिक साधली, तिघांचेही त्रिफळे. त्या तिघांतला एक होता १४५ धावा काढून खेळत असलेला ध्रुव शौरी. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी अशी हॅट्ट्रिक एकदाच झाली होती. १९७२-७३ साली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने ती केली होती. दिल्लीच्या २९५ ला उत्तर म्हणून विदर्भाने ५४७ केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिलेच शतक, १३३ धावांचे, नेमके या सामन्यासाठी राखून ठेवले होते. दिल्ली पुन्हा २८०. जिंकायला २९ धावा हव्या होत्या. विजयाचा फटका मारला तो वासिम जाफर यांनी, आदल्या वर्षी जायबंदी असलेल्या माणसाने. आणि सीमेबाहेर उभे होते पंडित. बारा महिन्यांपूर्वी याच मैदानावरून मान खाली घालून गेलेले. ज्या इंदूरने आमचे नायडू नेले, त्याच इंदूरहून साठ वर्षांनी का होईना, करंडक नागपूरला आला.

यानंतर जी गोष्ट उघड झाली, तिच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. करंडक जिंकलेल्या त्या मोसमाचे मानधन जाफर यांनी घेतलेच नव्हते. आदल्या वर्षी मी खेळलो नाही, तरी यांनी मला पैसे दिले. तेव्हा यंदा मी फुकट खेळेन, असा त्यांचा साधा हिशेब होता. कागदावर असे कोणतेही कलम नव्हते. कोणी मागितलेही नव्हते. जायबंदी वर्षाचे देणे त्यांनी जिंकलेल्या वर्षात फेडले.

हे वाचले, आणि माझ्या हातातला चहा निवला.

त्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ तालुक्याच्या सामन्यांना जायचा होता. संघातला सर्वांत चपळ मुलगा, खांबाशी असा वळे की पाठलाग करणाऱ्याचा हात हवेतच राही. सामन्याच्या तीन दिवस आधी त्याचा घोटा मुरगळला. मी यादीतून त्याचे नाव खोडले आणि दुसरे लिहिले. त्यात माझी चूक नव्हती. पण निघायच्या सकाळी तो लंगडत काळीपिवळीपाशी आला. धुतलेला गणवेश घातलेला. म्हणाला, "मी नुसता बसून राहीन ना जी, सर."

गाडीत जागा कमी होती. मी म्हणालो, "पाय बरा कर बाबू आधी. पुढच्या वर्षी जाऊ."

पुढच्या वर्षी त्याचा घोटा बरा होता. नाव द्यायला मात्र तो आला नाही. मी विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "घरी काम राहते, सर." मीही फार आग्रह केला नाही. मुलांचे मन चंचल असते, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत २ जानेवारी २०१८ ला मोडली. त्याचा घोटा मुरगळला होता तेव्हा तो आमच्या संघातला होता की नव्हता, याचे उत्तर मी त्याला काळीपिवळीच्या दारातच देऊन टाकले होते. त्याने ते बरोबर वाचले होते.

विदर्भाची पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. २०१८-१९ साली नागपूरलाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. चाळिशीच्या जाफर यांनी त्या मोसमात १०३७ धावा केल्या. २०२० साली पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. तेथेही त्यांचे एक जुने देणे होते. १९९८-९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना ते बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामना हरले होते. २०२२ साली त्याच मैदानावर त्यांच्या मध्य प्रदेशाने करंडक जिंकला, आणि तोही मुंबईला हरवून. देवाघरचे हिशेबनीस कधी कधी फारच टापटिपीने वह्या ठेवतात!

आणि विदर्भ? ज्या करुण नायरने आमच्याविरुद्ध १५३ काढल्या आणि ज्या ध्रुव शौरीने १४५, ते दोघेही २०२३ साली विदर्भाकडून खेळायला आले. २०२५ साली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात नायरच्या ८६ आणि १३५ धावा होत्या. प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाकडून स्वतः खेळलेले. कर्णधार तोच अक्षय वाडकर. परगावच्या माणसांना हे घर आपले वाटू लागले, याला कारणे पुष्कळ असतील. पण एखाद्या घरी दुखणाईत पाहुण्याला कसे वागवतात, ही बातमी न छापताही दूरवर जाते, असे मला वाटते.

यवतमाळहून वर्ध्यामार्गे एस.टी.ने नागपूरला जाताना बुटीबोरी मागे पडली की थोड्या वेळाने जामठ्याचे मैदान दिसते. मुलांना घेऊन गेलो की मी ते त्यांना दाखवतो. खेळाच्या सामन्यांना जाताना आता माझा एक नियम आहे. यादीत नाव असो वा नसो, ज्याच्या पायाला पट्टी आहे त्याला गाडीत पहिली जागा. तो नुसता बसून राहतो. कधी पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, कधी ओरडून घसा बसवून घेतो. आमची शाळा अजून तालुक्याच्या पुढे गेलेली नाही. पण पट्टी सुटली की ही मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर असतात.

तो पहिला मुलगा आता मोठा झाला आहे, गावातच असतो. दिवाळीला रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. मी त्याला पाय कसा आहे, असे विचारतो. तो हसून म्हणतो, "तो तं केव्हाच बरा झाला, सर."