दारूगोळ्याच्या कोठारावरचं गवत

ऑनसाइटला असताना एका रविवारी मिडेविनला गेलो. शिकागोपासून कारनं तासाभरावरचं गवताळ रान. गवतात मातीचे लांबट उंचवटे दिसले; ओळीत, एकाच मापाचे. टेकड्या कधी अशा कॉपी-पेस्ट केलेल्या नसतात. ती दारूगोळ्याची जुनी कोठारं होती.

१९४०मध्ये अमेरिकन सरकारनं इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि कारखाने उभारले. महायुद्धात इथे टीएनटी बनलं, बॉम्ब भरले गेले. ५ जून १९४२च्या स्फोटात ४८ माणसं गेली. १९७०च्या दशकात उत्पादन थांबलं, कुंपण राहिलं. लष्कर मोकळी जमीन चराईला देई. गुरांनी गवत आखूड ठेवलं, त्यात माळावरचे पक्षी घरटी करू लागले. कुंपणाबाहेर इलिनॉयची मूळ प्रेअरी तोवर नांगराखाली जवळजवळ संपली होती.

१९९६च्या कायद्यानं वाटणी झाली. काही जमीन सैनिकांच्या दफनभूमीला, काही उद्योगांना, काही कचराडेपोला गेली. सर्वांत मोठा तुकडा, सुमारे २० हजार एकर, वनखात्याकडे आला.

मला वाटलं होतं, माणूस हटला की निसर्ग आपोआप परततो. पण जमिनीला रोलबॅकचं बटण नसतं. आधी विषारी माती साफ करावी लागली. शेतकऱ्यांनी पाणथळ जागा कोरड्या करायला जमिनीखाली पुरलेले पाइप शोधून तोडावे लागले, तेव्हा पाणी पुन्हा साचू लागलं. देशी गवतांचं बी गोळा करून पेरावं लागलं. २०१५मध्ये बायसन आणले. हे काम अजून चालूच आहे.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं. लष्कराच्या के. के. रेंजचा विस्तार होणार अशी चर्चा निघाली की गावाची झोप उडते. आजोबांना व्हिडिओ कॉलवर मिडेविनचं गवत दाखवलं. ते म्हणाले, "अन् ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचं काय झालं रे?"

मी सांगितलं, त्या शेतकरी कुटुंबांची जुनी थडगी अजून या रानात आहेत. त्यांच्याही आधी इथे पोटावाटोमी लोक राहत होते. १८३३च्या करारानंतर त्यांना पश्चिमेला हाकललं. 'मिडेविन' हा त्यांच्याच भाषेतला शब्द.

"म्हणजे नाव तेवढं परत दिलं," आजोबा म्हणाले.

पक्षी वाचले, याचा आनंद मला आजही आहे. पण ते ज्या कुंपणामुळे वाचले, ते कुणाच्या तरी बांधावर घातलेलं होतं, हे आता गवत बघताना विसरता येत नाही.