दोन बेटे आणि एक आगबोट

मंडळी, १९१८ सालच्या तापाच्या साथीला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. पणजीच्या गोष्टींतून हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्याच साथीने प्रशांत महासागरात, एकमेकांच्या शेजारच्या दोन बेटांवर काय केले, ते आज सांगायचे आहे. शिक्षकांनी वर्गातल्या नकाशात न्यूझीलंडच्या ईशान्येला सामोआ शोधावे. ठिपके बारीक आहेत, नीट निरखून पहा.

सामोआचे दोन भाग. पश्चिमेकडचा १९१४ पर्यंत जर्मनांचा, मग न्यूझीलंडच्या फौजेच्या ताब्यात. पूर्वेकडचा अमेरिकेच्या आरमाराकडे. लोक मात्र एकच. भाषा एक, सोयरीक एक, होड्यांची येजा रोजची.

ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी ऑकलंडहून 'तालुने' नावाची आगबोट निघाली. ऑकलंडात ताप पसरला होता, पण बोटीच्या कागदांवर सारे ठीक! कारण इन्फ्लुएन्झा तेव्हा सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीतच नव्हता. वाटेत फिजीच्या सुव्हा बंदरात बोट क्वारंटीनखाली ठेवली. (आपल्या कोकणात याच शब्दाचे 'कारंटीन' झाले, बरे का.) ७ नोव्हेंबरला बोट पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात आली. सुव्हातली गोष्ट तिथल्या डॉक्टराला कोणी सांगितली नाही. आजारी माणसे उतरली आणि घरोघर गेली.

पुढचे दोन महिने काय सांगावेत! घरचे सगळेच अंथरुणावर. स्वयंपाकाला आणि पाणी द्यायला कोणी उरले नाही. काही तापाने गेले, काही उपासाने. प्रेते गाड्यांत भरून वैमोसो येथे एकाच मोठ्या खड्ड्यात पुरली. सुमारे ३८ हजार वस्तीतले साडेआठ हजारांच्या आसपास लोक गेले. पाचातला एक म्हणा ना!

आणि शेजारी? अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पॉयर यांना बिनतारी बातम्यांवरून साथीचा सुगावा लागला. त्यांनी येणाऱ्या बोटींवर निर्बंध घातले. पाहुण्यांना वेगळे ठेवून, ताप नाही अशी खात्री झाल्यावरच सोडायचे. पण खरी अडचण छोट्या होड्यांची होती. आपल्याच भावाची होडी परत फिरवायची, हे सोपे का आहे? गावोगावच्या लोकांनी किनाऱ्यावर पहारे ठेवले आणि ते करून दाखवले. तिथे या साथीने एकही माणूस दगावला नाही. पॉयर यांनी शेजाऱ्यांना मदत देऊ केली होती. पश्चिमेचे प्रशासक कर्नल लोगन यांनी ती घेतली तर नाहीच, उलट तारेचा संबंधही तोडला. माणूस रागावतो हे समजू शकते. पण दारात मढी पडलेली असताना?

हा घाव सामोआ विसरला नाही. पुढे न्यूझीलंडच्या राज्याविरुद्ध 'माऊ' चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हेही दुःख होते. २००२ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन माफी मागितली.

त्यानंतर २०१९ मध्ये गोवराने तिथली ८३ माणसे नेली, त्यांत बहुतेक लहान मुले. मग २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा सामोआने दारेच लावून घेतली. परत येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही तपासणी आणि १४ दिवसांचे विलगीकरण चुकले नाही. वस्तीत पहिला रुग्ण सापडला तो मार्च २०२२ मध्ये. तोवर लसीकरण बरेचसे उरकले होते. पाहुण्यांसाठी सरहद्द उघडली ती १ ऑगस्ट २०२२ रोजी.