त्वचेवरील लव : कुंचल्यापासून संगणकापर्यंत

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर आणि व्हेनिसचा वयोवृद्ध चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनी यांच्याविषयीं एक आख्यायिका ड्यूररचा स्नेही कामेरारियस यानें 1532 सालीं लिहून ठेविली आहे. ड्यूररच्या चित्रांतील केस पाहून बेल्लिनी थक्क झाला, आणि ज्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यानें अनेक केस उमटतात तो कुंचला आपणांस द्यावा अशी त्यानें विनंती केली. ड्यूररनें आपले नेहमींचे साधे कुंचले पुढें ठेविले आणि त्यांतीलच एक उचलून स्त्रीच्या केसांची लांब, लहरदार बट तेथल्या तेथें रंगवून दाखविली. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म खरें आहे. केस कुंचल्यांत नसतात. ते चित्रकाराच्या दृष्टींत असतात.

ड्यूररनें 1502 सालीं रंगविलेला ससा व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत आहे. त्याचे केस कोणी मोजून काढलेले नाहींत. खालीं पातळ रंगाचा हात, त्यावर कोठें गडद तर कोठें उजळ रेषा, आणि अंगाच्या वळणाप्रमाणें त्या रेषांची बदलती दिशा, एवढ्यावरच ती मऊ लोकर उभी राहिली आहे. हीच विद्या पुढें पांचशें वर्षांनीं संगणकावरील चित्रकारास नव्यानें शिकावी लागली.

संगणकांत घडविलेला मानवी देह आरंभीं मातीच्या कोऱ्या मूर्तीसारखा असतो. मूर्तीवर वस्त्र चपखल बसवावें, तसें त्याच्यावर त्वचेचें एक सपाट चित्र बसवितात. वक्र पृष्ठावर असें चित्र चढविण्याची युक्ति एडविन कॅटमल यांनीं 1974 सालीं यूटा विद्यापीठाच्या प्रबंधांत मांडली. 1990 सालीं पॅट हॅन्राहन व पॉल हेबर्ली यांनीं पडद्यावरील घनाकृतीवरच थेट रंग लावण्याची पद्धति वर्णिली. चित्रकाराच्या हातीं पुन्हा कुंचला आला. मात्र त्या कुंचल्याला स्वतःचा एकही केस नव्हता!

परंतु केस म्हणजे नुसता रंग नव्हे. त्वचेवर काळ्या रेघा ओढल्या तर दुरून भास होतो. प्रकाश फिरला कीं भ्रम फिटतो. रेघेची सावली पडत नाहीं, आणि कडेनें पाहतां ती त्वचेबाहेर डोकावत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं निराळे मार्ग शोधले. 1989 सालीं जेम्स काजिया व टिमथी के यांनीं लोकरीनें मढविलेलें खेळण्यांतील अस्वल संगणकावर दाखविलें. 2001 सालच्या 'मॉन्स्टर्स, इंक.' या चित्रपटांतील सली नामक राक्षसाच्या अंगावर सुमारें 23 लक्ष केस होते.

तथापि राक्षसाची लोकर त्वचेला झांकते. मनुष्याची लव त्वचेला उघडी ठेविते. खरी कसोटी येथेंच आहे. मानवी देहावर सुमारें 50 लक्ष रोमकूप असून त्यांपैकीं डोक्यावरील अवघे 1 लक्ष आहेत. तळहात व तळपाय सोडले तर बहुतेक सर्वांगावर कमीअधिक लव आहे. श्रोत्यांनीं आपल्या हाताकडे क्षणभर पाहावें. दंडावरील व हातावरील केस दोन्हीं बाजूंनीं कोपराकडे वळतात, ही गोष्ट डार्विननें 1871 सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. ही दिशा चुकली तर पाहणाऱ्यास चूक सांगतां येत नाहीं, पण हात परका वाटतो.

यास्तव कुशल चित्रकार कामाची विभागणी करतो. त्वचेखालून दिसणारी मुळांची निळसर छटा, दाढीच्या खुंटांचे ठिपके आणि रोमरंध्रें तो त्वचेच्या चित्रांतच रंगवितो. जे केस त्वचेपासून सुटून उभे राहतात ते स्वतंत्र तंतु म्हणून उगवितो. त्यांसाठीं एक निराळा करडा नकाशा रंगवावा लागतो : पांढरें तेथें दाट, काळें तेथें कांहीं नाहीं. प्रेक्षकांस हा नकाशा कधींच दिसत नाहीं.

यापुढील काम प्रकाशाचें. प्रकाश त्वचेंत शिरून आंत पसरतो व दुसरीकडून बाहेर येतो. याचें सुटसुटीत गणित 2001 सालीं हेन्रिक वान येन्सेन व त्यांचे सहकारी यांनीं मांडलें. 2003 सालीं स्टीव्ह मार्शनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केसावरील प्रकाशाच्या तीन वाटा दाखविल्या : पृष्ठावरून परतणारी, आरपार जाणारी, आणि आंत शिरून मागील बाजूवर आपटून परत येणारी. उन्हाकडे पाठ केलेल्या मुलाच्या गालावर लवेची जी सोनेरी कड दिसते, तिचें रहस्य अशा वाटांतच आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? लव असतां ती कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नसतां मात्र चेहरा मेणाचा वाटतो. छायाचित्रांतून जी लव, जीं रंध्रें आणि जे डाग पुसण्याचा हव्यास धरला जातो, त्यांनाच हा चित्रकार कष्टानें परत आणतो. यंत्र त्याला एका क्षणांत लक्षावधि सारखे केस देऊं शकतें. परंतु सारखेपणा हेंच तेथें असत्य होय. एक केस आडवा, एक तुटलेला, एका जागीं मुळींच नसलेला, ही निवड अद्याप दृष्टीलाच करावी लागते. आज बेल्लिनी असता तर त्यानें कदाचित् संगणकच मागितला असता. आणि ड्यूररनें त्याच्यापुढें पुन्हा तोच साधा कुंचला ठेविला असता.