भोर-वेल्ह्याचे पाणी आणि घरची वडील माणसे

या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, असा मंडळातील भगिनींचा आग्रह पडला. पंतसचिवांचे संस्थान, भोरचा राजवाडा, राजगड आणि तोरणा यांवर अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी एक साधाच विषय घेतला आहे: पिण्याचे पाणी, आणि त्यातही म्हातारपणी प्यावयाचे पाणी. वडीलधाऱ्या स्त्रियांत याविषयी आरोग्यशिक्षण करावे असे मंडळात बोलणे चालू आहे. त्याची पूर्वपीठिका ठाऊक असलेली बरी.

आपल्या डोंगरांत पाण्याचा विचार फार जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, एका झऱ्यावर विसंबून निश्चिंत राहू नये आणि साठविलेले पाणी जपावे, असा उपदेश आहे. राजगडावरचे पद्मावती तळे आणि तोरण्यावरची खडकात खोदलेली टाकी पाहिली म्हणजे ही दूरदृष्टी पटते.

पुढे इंग्रजी अमदानीत वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणकडे गेले. वेल्हे तालुक्यात पानशेतचे धरण होत असतानाच १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. नंतर ते पुन्हा बांधले गेले. वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणेही याच दोन तालुक्यांतली. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, धरणे तुडुंब भरतात. आणि वैशाखात वरच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका हंडा-कळशी घेऊन डोंगर उतरतात, हे चित्र आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिलेले, नव्हे भोगलेले आहे.

पाणी जवळ असणे वेगळे आणि ते पिता येणे वेगळे. आपल्या वरंध घाटाखाली महाड आहे. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे भरलेले होते, परंतु माणसांना ते वर्ज्य होते. घरातील स्त्रीचे दुःख त्याच्याशी तोलता येणार नाही. पण तिचीही एक रीत होती. पाणी आणणारी तीच, आणि सर्वांना देऊन झाल्यावर उरलेले घोटभर पिणारीही तीच. या सवयीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

सांगून-शिकवून पाण्याची सवय बदलते काय, अशी शंका कोणी घेईल. तिला नारूच्या रोगाचे उत्तर आहे. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यातून हा जंत अंगात शिरे आणि वर्षभराने पायातून बाहेर येई. त्यावर लस नव्हती, जंत मारणारे औषधही नव्हते. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. पाणी फडक्याने गाळून प्यावे, पाय बाहेर ठेवून पाणी शेंदावे, हे कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पटविले. १९९६ नंतर देशात रोगी आढळला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. एका फडक्याने आणि चिकाटीने केलेले हे काम आहे.

आता वृद्धांकडे वळू. १९८४ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात तरुण आणि ६७ ते ७५ वयाचे सात निरोगी पुरुष यांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवले. शरीराला पाणी हवे असूनही वृद्धांना तहान कमी लागली आणि नंतर पाणी मिळाले तेव्हाही ते कमी प्याले. म्हणजे वयाबरोबर तहानेची सूचनाच मंदावते. “तहान लागली की पिईन” हे म्हणणे तरुणपणी ठीक, म्हातारपणी धोक्याचे. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्म्याची लाट आली आणि सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. त्या देशात नळ कोरडे नव्हते.

आपल्याकडे आणखी कारणे आहेत. गुडघे दुखतात, रात्री लघवीला उठावे लागेल, मोरी लांब आहे, सुनेला किती वेळा सांगायचे, म्हणून आजी पाणीच टाळतात. आमच्या आळीतील एक आजी ऐन चैत्रात असंबद्ध बोलू लागल्या. वयाचा परिणाम म्हणून सर्वांनी सोडून दिले होते. डॉक्टरांनी कोरडी जीभ पाहून पाणी कमी पडल्याचे सांगितले आणि दोन दिवसांत आजी नातवंडांना नावानिशी हाक मारू लागल्या.

तेव्हा भगिनींनो, उपदेशापेक्षा सोय करू या. आजींच्या हाताशी त्यांना उचलेल असा लहान तांब्या ठेवावा. उठल्यावर, जेवताना, औषधाबरोबर आणि चहाच्या आधी थोडे थोडे पाणी द्यावे. रात्रीची भीती वाटत असेल तर दिवसा अधिक प्यावे. ताक, पेज, आमटी, कोकमाचे सरबत यांतही पाणीच आहे, त्यामुळे पेले मोजत बसण्याचे कारण नाही. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पन्हे देतोच. त्याच वेळी ही चार वाक्ये सांगितली तर निराळी सभा भरवावी लागणार नाही.

पाहुण्याला गूळ-पाणी दिल्यावाचून आपण बोलणे सुरू करीत नाही. हा मान घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही दिवसातून पाच-सहा वेळा मिळावा, एवढेच माझे मागणे आहे. जिने जन्मभर सर्वांसाठी पाणी वाहिले, तिला ते आता कोणीतरी हातात आणून दिले पाहिजे.